दोघांनीच डोंगरात जायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं मित्र, तिशीतले, सुट्टीच्या दिवशी डोंगर चढायची सवय असलेले. या उन्हाळ्यात दोन आठवडे मोकळे काढलेत आणि उंच पर्वतात जायचंय. मळलेली वाट नको, गट नको, वाटाड्या नको. नकाशा घेऊन एखादं खोरं स्वतः धुंडाळायचंय. एकाची चाल झपाझप, दुसऱ्याची सावकाश. काय सामान न्यावं आणि कशी तयारी करावी?

बेत मला मनापासून आवडला. अनोळखी खोरं दोघांनी मिळून पायाखाली घालण्यात जी गंमत आहे ती वीस जणांच्या रांगेत चालण्यात नाही. सामानाचं मात्र जरा बाजूला ठेवू. इतकी वर्षं लोकांना डोंगरात नेताना मी पाहिलंय की दोघांचे बेत सामानावाचून क्वचितच अडतात. ते अडतात माणसं दोनच असल्यामुळे.

चौघांपैकी एकाचा पाय मोडला तर एक त्याच्यापाशी थांबतो आणि दोघं मदत आणायला जातात. तिघं असले तरी एक थांबतो, एक जातो. दोघांत मात्र जखमीला एकटं ठेवून दुसऱ्याने उतरायचं, नाहीतर दोघांनीही तिथेच बसून कुणीतरी येण्याची वाट बघायची, एवढंच उरतं. म्हणून कुठे जायचं, किती चालायचं, कुठून मागे फिरायचं हे दर वेळी एकाच कसोटीवर घासून बघा: आत्ता, इथे, आपल्यापैकी एकाला चालता येईनासं झालं तर दुसरा काय करेल? उत्तर सुचत नसेल तर ती जागा दोघांनी जाण्याची नाही.

या कसोटीत बसतील अशा जागाही पुष्कळ आहेत. 1934 साली एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोघं ब्रिटिश गिर्यारोहक नंदादेवी शिखराभोवतालच्या पर्वतांच्या वेढ्यात शिरायची वाट शोधायला निघाले. सोबत आंगथार्के, पासांग आणि कुसांग हे तीन शेर्पा. त्याआधीचे प्रयत्न जिथे फसले होते ती ऋषिगंगेची घळ या पाच जणांनी थोडक्या सामानात पार केली आणि आतल्या खोऱ्यात पहिल्यांदा पाय ठेवला. पाऊस तोंडावर आला, नदी चढली की बाहेर पडता येणार नाही हे दिसलं, तसे ते बाहेर आले आणि पावसाळा सरताना पुन्हा आत गेले. नंदादेवीच्या 7816 मीटर उंच माथ्यावर त्यांनी त्या वर्षी पाय ठेवला नाही. तो मान 1936 साली टिलमन आणि नोएल ओडेल यांना मिळाला. खोरं बघायला गेलेला माणूस पाणी वाढताना दिसलं की निघून येऊ शकतो. शिखरावर डोळा ठेवून गेलेल्याला ते जड जातं. म्हणून तुम्ही बेत आखताना शिखराचं नाव लिहूच नका, खोऱ्याचं लिहा.

आणि त्या खोऱ्यात रोज बिऱ्हाड पाठीवर घेऊन पुढे सरकण्यापेक्षा एक-दोन ठिकाणी तंबू ठोका. तिथून हलक्या सॅकने आज या खिंडीपर्यंत, उद्या त्या सोंडेवर, परवा ओढ्याच्या उगमाकडे असे फिरा. यात खोरं खरोखर कळतं. पाठीवर ओझं कमी म्हणून गुडघे टिकतात, आणि काही झालंच तर अंथरूण-पांघरूण, स्टोव्ह, तंबू हे सगळं कुठे आहे ते दोघांनाही ठाऊक असतं. लांबच्या लांब आडवी चाल हवीच असेल तर ती दुसऱ्या आठवड्यात ठेवा, आणि नकाशावर प्रत्येक दिवसासमोर खाली उतरायची वाट आधीच आखून घ्या. खिंड ओलांडल्यावर परतीची वाट लांब होते, म्हणून ती ओलांडायचा निर्णय खिंडीच्या अलीकडे, पायथ्याशी घ्या. वर पोहोचल्यावर तो निर्णय राहत नाही, नुसती ओढ राहते.

दिवसाचा हिशेब करायला एक जुना आणि भरवशाचा ठोकताळा आहे, विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये दिलेला. सपाटीला तासाला 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाला एक तास जादा. समजा 12 किलोमीटर चाल आणि 900 मीटर चढ आहे. चालीचे जवळपास अडीच तास आणि चढाचा दीड, म्हणजे चार तास. पण हा धडधाकट माणसाचा, चांगल्या वाटेवरचा, विश्रांती न धरता केलेला हिशेब आहे. पाठीवर ओझं, पायाखाली घसारा आणि विरळ हवा असेल तर मी त्यात निम्म्याने भर घालतो, म्हणजे सहा तास. आणि हिशेब दोघांतल्या सावकाश चालणाऱ्याचाच धरायचा. तुरुतुरु चालणाऱ्याच्या वेगावर आखलेला दिवस संध्याकाळी दोघांनाही महागात पडतो.

आता उन्हाळ्याबद्दल. उन्हाळा म्हणजे डोंगरातला सोपा काळ अशी समजूत असते. खरं तर उन्हाळ्यात डोंगर सकाळी एक आणि दुपारी दुसराच असतो. पहाटे बर्फ घट्ट असतो, ओढ्यांना पाणी कमी असतं, दगड जागच्या जागी गोठलेले असतात. ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो, कड्यांवरून दगड सुटायला लागतात, वितळलेलं पाणी ओढ्यांत उतरतं. तापलेल्या उतारांवरून हवा वर चढते आणि दुपारी ढगांचे डोंगर उभे राहतात. सगळा बंदोबस्त घड्याळात आहे. उजाडायच्या आत निघा, दुपारी एक-दोनच्या सुमारास धार आणि खिंड सोडून खाली आलेले असा.

ओढ्याकडे बारकाईने बघायला शिका. हिमाचं पाणी असलेल्या ओढ्याला सर्वांत कमी पाणी पहाटे असतं आणि सर्वांत जास्त दुपार टळून संध्याकाळ होताना. मुक्कामाला पोहोचलात की पाण्याच्या अगदी काठाशी, जिथे पाणी दगडाला जेमतेम लागतंय तिथे, एक ओळखू येईल असा पांढरा दगड ठेवा. तासाभराने बघा, जेवणानंतर बघा, पहाटे बघा. दगड बुडाला, मग परत उघडा पडला आणि आता काठापासून वीतभर कोरड्यात आहे, हे पाहिलं की तो ओढा कधी ओलांडू देतो ते कुणी सांगावं लागत नाही. पाण्याचा रंग आणि आवाजही बघा. पाणी गढूळलं आणि तळातून दगड एकमेकांवर आपटल्याचा घुमका आवाज यायला लागला तर त्यात पाय घालू नका.

ओलांडताना पात्र जिथे पसरट आणि फाटे फुटलेलं असेल ती जागा निवडा. अरुंद जागी पाणी खोल आणि जोरकस असतं. बूट काढून अनवाणी जाऊ नका. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक अंगावेगळी करता येईल. दोघांनी एकमागे एक उभं राहायचं, दोघांचीही तोंडं प्रवाहाकडे. पुढच्याने काठी रोवून धरायची, मागच्याने त्याच्या खांद्यांना धरून त्याला तळाकडे दाबून धरायचं, आणि एका वेळी एकानेच पाऊल उचलायचं. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर आलं तर परत फिरा आणि पहाटेपर्यंत थांबा. कमरेला दोर बांधून तर कधीच उतरू नका. पाय सुटला तर दोर ताणला जातो आणि प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो.

विजेच्या बाबतीतही दोघांसाठी एक खास गोष्ट आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की वादळ अंगावर आहे असं समजून धार, एकटं झाड, पाण्याचा काठ आणि उथळ गुहेचं तोंड या सगळ्यांपासून दूर व्हा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. या काळात जवळजवळ बसून राहायची इच्छा होते, ती आवरा. एकमेकांपासून पंधरा-वीस मीटर अंतर ठेवा, दिसत राहील इतकं. वीज एकावर पडली तर दुसरा शुद्धीवर असायला हवा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो, श्वास थांबला असेल तर छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन त्याला वाचवताही येतं. हे दोघांनीही निघण्याआधी प्रथमोपचाराच्या वर्गात प्रत्यक्ष करून शिकायला हवं. वाचून ते येत नाही.

बर्फाबद्दल थोडक्यात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला खिंडींच्या सावलीकडच्या उतारांवर कडक बर्फ राहतो. आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे काटे) वापरायचं शिक्षण नसेल तर उताराच्या तळाशी काय आहे ते आधी बघा. खाली मऊ पठार असेल तर ठीक, दगड किंवा कडा असेल तर तो उतार सोडून द्या. बर्फाने झाकलेली हिमनदी दोघांनी ओलांडू नये, हे मी निक्षून सांगतो. भेगेत पडलेल्या जोडीदाराचा भार एकट्याने दोरावर पेलायचा आणि त्याच वेळी त्याला वर ओढायची सोय करायची, हे शिकलेल्यांनाही जमेलच असं नाही.

आता उंची. साधारण 2500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, आणि तब्येत ठणठणीत असल्याने तो टळत नाही. उलट तगड्या माणसाची चाल तेज असल्याने तो लवकर उंच पोहोचतो आणि त्रासात सापडतो. 3000 मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा 500 मीटरहून जास्त उंच ठेवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढा. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपायला उतरायला हरकत नाही. एका ठिकाणी तंबू ठोकून फिरण्याचा हाही फायदा. डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, थकवा, चक्कर किंवा जेवण नको वाटणं यांतलं काही असेल तर ते उंचीमुळेच आहे असं धरून चढणं थांबवा. त्रास वाढला तर उतरा. या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही ते आपल्या डॉक्टरांना आधीच विचारा, पण गोळी घेऊन चढत राहणं हा उपाय नव्हे.

इथे तुमचा मित्र हाच तुमचा आरसा. उंचीमुळे मेंदूला सूज येऊ लागली की ज्याला ती येते त्यालाच ती कळत नाही. म्हणून रोज संध्याकाळी, तंबूसमोर सपाट जागा बघून, दोघांनी एकेकदा ही परीक्षा द्या: एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या चवड्याला टेकवत सरळ रेषेत दहा पावलं. दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं. तोल जातोय का, हात पसरावे लागतायत का, पाऊल रेषेबाहेर पडतंय का? मग दोन साधे प्रश्न, आज कुठून निघालो आणि उद्या कुठे जायचंय. पहिल्या संध्याकाळी हा पोरखेळ वाटेल. चौथ्या दिवशी नेहमी सरळ चालणारा माणूस तिसऱ्याच पावलाला झुकला तर त्या दोन संध्याकाळींमधला फरक तुम्हाला स्वच्छ दिसेल. असं झालं, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, सतत खोकला असेल, तर रात्र असो की पाऊस, आहे त्या क्षणी खाली उतरायचं, उद्यावर ढकलायचं नाही. बहुतेकांना 300 ते 1000 मीटर उतरल्यावर उतार पडतो. आणि उतरताना आजारी माणसाला एकटं पाठवायचं नाही.

मित्र म्हणून तुमचं नातं कामाला येतं तसं आडवंही येतं. इयन मॅकॅमन या संशोधकांनी अमेरिकेतल्या 715 हिमस्खलन अपघातांचा अभ्यास केला. धोक्याच्या खुणा समोर असतानाही, हिमस्खलनाचं शिक्षण घेतलेली माणसंही ओळखीच्या जागी निर्धास्त होतात, सोबतच्यांच्या नजरेत कमी पडू नये म्हणून पुढे जातात, एकदा ठरवलंय म्हणून मागे फिरत नाहीत, असं त्यातून समोर आलं. घट्ट मैत्रीत हे सगळं जास्तच होतं. तुमच्यातला सावकाश चालणारा मित्राचा हिरमोड नको म्हणून दमल्याचं सांगणार नाही. झपाझप चालणारा त्याच्या गप्प राहण्याला होकार समजेल. डोंगरात मी सगळ्यात घाबरतो ते या गप्प बसण्याला.

म्हणून निघण्याआधी एक संध्याकाळ काढून समोरासमोर बसा आणि तीन गोष्टी ठरवून टाका. एकाने नको म्हटलं की संपलं. कारण विचारायचं नाही, त्या दिवशी त्यावर वाद घालायचा नाही, रात्री पोट भरल्यावर हवं तर बोलायचं. सावकाश चालणारा पुढे राहील आणि वाटही तोच काढेल. मागे चालणारा सतत धावत असतो आणि पुढचा थांबून त्याची वाट बघतो; तो पोहोचला की हा लगेच निघतो, म्हणजे विश्रांती मिळते ती ज्याला गरज नाही त्यालाच. पुढे-मागे बदल केला की हे मिटतं, शिवाय वाट शोधण्यातली मजाही दोघांना मिळते. तिसरं म्हणजे ठरलेली वेळ झाली की जिथे असू तिथून फिरायचं. ती वेळ सकाळी निघतानाच दोघांनी मोठ्याने म्हणायची.

बारीकसारीक तक्रारीही लपवू नका. बुटात काही घासतंय असं वाटलं की त्याच क्षणी थांबा, मोजा काढा, लाल झालेल्या जागेवर चिकटपट्टी लावा. दोन मिनिटांचं काम आहे. फोड आल्यावर दोन दिवस जातात, आणि दोघांचेही जातात.

तुमच्यासोबत नसलेला एक तिसरा माणूसही या बेतात हवा. घरातलं किंवा मित्रांपैकी कुणीतरी, जबाबदार आणि घाबरट नसलेलं. त्याच्याकडे नकाशाची प्रत, दिवसागणिक मुक्काम, तंबूचा रंग, दोघांचे रक्तगट आणि त्या भागातल्या बचाव यंत्रणेचा क्रमांक द्या. शेवटचं आणि मुख्य म्हणजे एक तारीख आणि वेळ द्या: तोवर आमचा निरोप आला नाही तर बचाव यंत्रणेला कळव. ती वेळ परतीच्या अंदाजाच्या थोडी पुढे ठेवा, आणि मग ती काटेकोर पाळा. बेत बदलला तर संपर्कात असेपर्यंत त्याला कळवा. संपर्क नसेल तर शक्यतो बेत बदलू नका, कारण शोधणारे तुम्ही सांगितलेल्या खोऱ्यातच येतील. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र फार उपयोगी आहे, पण भारतासह काही देशांत ते परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे, तेव्हा आधी चौकशी करा. फोनला स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून 112 लागू शकतो, म्हणून उंचवट्यावर जाऊन प्रयत्न करा. डोंगरातली संकटाची खूण म्हणजे मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्चचा झोत, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर मिनिटात तीन वेळा येतं.

जखमीला ठेवून जावंच लागलं तर घाई करू नका. त्याच्या अंगाखाली दोर, सॅक, चटई, जे असेल ते घाला, कारण थंडी वरून लागते त्याहून जास्त जमिनीतून लागते. स्लीपिंग बॅगेत घालून वर तंबू उभा करा किंवा नुसता पांघरा. पाणी, खाणं, शिट्टी, टॉर्च हाताशी ठेवा. जागा जीपीएसवर बघून कागदावर लिहा, जखम काय आणि किती वाजता झाली तेही लिहा, आणि लांबून दिसेल असं रंगीत कापड बांधून मगच निघा.

सामानाचं आता सोपं आहे. तंबू एकाकडे आणि स्टोव्ह दुसऱ्याकडे अशी वाटणी चालेल, पण स्लीपिंग बॅग, गरम कपडे, पावसाळी जाकीट, टॉर्च, शिट्टी, दिवसभराचं खाणं आणि नकाशा हे प्रत्येकाच्या सॅकमध्ये स्वतंत्र हवं. दर 1000 मीटरला तापमान सरासरी 6.5 अंशांनी उतरतं; पायथ्याशी 30 अंश असताना 4000 मीटर वर रात्री पाणी गोठू शकतं. पाणी 3000 मीटरवर 90 अंशांच्या आसपास उकळतं, शिजायला वेळ लागतो, म्हणून इंधन जास्त घ्या. नकाशा दोन्ही फोनमध्ये उतरवून घ्या, कागदीही ठेवा, होकायंत्र घ्या आणि ते वापरायला शिका. ताजा बर्फ सूर्याचे 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो आणि डोळ्यांना इजा झाल्याचं काही तासांनी कळतं. दोघांपैकी एकाचा काळा चष्मा फुटला तर दोघंही अडकता, तेव्हा एक चष्मा जादा ठेवा.

निघायच्या महिनाभर आधी, याच सामानासकट, जवळच्या डोंगरात दोन रात्री काढून या. पहिल्या रात्री अंधारात तंबू उभारा. दुसऱ्या दिवशी पूर्ण ओझं घेऊन 900-1000 मीटर चढा आणि उतरा, सावकाश चालणारा पुढे. नेस्मिथच्या हिशेबापेक्षा किती जास्त वेळ लागला ते लिहून ठेवा. उन्हाळ्यातला प्रत्येक दिवस त्याच आकड्याने आखायचा आहे. आणि त्या दोन दिवसांत एकदा तरी, फारसं कारण नसताना, एकाने नको म्हणून बघा. दुसऱ्याने काही न विचारता सॅक उचलून पाठ फिरवली, तर खोऱ्याचा नकाशा मला पाठवा, मुक्कामाच्या जागा आपण मिळून बघू.